छतातला गरम-थंड एसी: पीओपी बंद करण्याआधी काय बघून घ्यावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कर्वेनगरात पुनर्विकास होऊन नवा फ्लॅट ताब्यात आलाय. हॉल आणि मोठी बेडरूम मिळून एकच दोन टनी डक्टेबल मशीन (म्हणजे डक्टमधून, हवेच्या बंद नळीतून, खोल्यांत हवा पोचवणारं) फॉल्स सीलिंगमध्ये बसवलंय, तेही गरम-थंड दोन्ही. इंटिरियरवाला म्हणतोय की चार दिवसांत पीओपीची माणसं येतील आणि छत बंद होईल. घरात सत्त्याहत्तर वर्षांच्या आई आहेत, थंडीत दम लागतो, म्हणून हीटिंग हवंय. आणि तुम्ही विचारलंय की मशीन चांगल्या कंपनीचं आहे ना, सुरक्षित आहे ना, वापरताना काय काळजी घ्यायची.

कंपनीचं नाव तुम्ही दिलंत, पण त्यावर मी बोलणार नाही, कारण तुमच्या घरात अडचण आली तर ती बहुधा मशिनात नसेल. ती पाइपच्या जोडात असेल, पाण्याच्या नळीच्या उतारात असेल, नाहीतर वायरीच्या ढिल्या स्क्रूत असेल. या तिन्ही गोष्टी चार दिवसांनी जिप्समच्या वर जाणार आहेत. तेव्हा तुमच्या हातात जो वेळ आहे तो ब्रँडची चौकशी करण्यात घालवू नका, शिडीवर चढून बघण्यात घाला.

सगळ्यात आधी ट्रॅप डोअर, म्हणजे मशिनपर्यंत पोचायला छतात ठेवलेला उघडझाप दरवाजा. इंटिरियरवाल्यांना तो आवडत नाही, छताची रेष बिघडते म्हणून. मग एक फूट बाय एक फुटाची खिडकी ठेवतात आणि म्हणतात, हात जातो की! हात जाऊन उपयोग नाही. मशिनच्या खालचा पाण्याचा ट्रे खाली उतरला पाहिजे, ब्लोअरची मोटर बाहेर निघाली पाहिजे, इलेक्ट्रिकचा डबा समोरून उघडता आला पाहिजे. त्यासाठी किमान दोन फूट बाय दोन फूट लागतं, आणि ते मशिनच्या त्याच बाजूला लागतं जिकडे डबा आणि नळ्यांचे जोड आहेत. मापाचा वाद घालत बसण्यापेक्षा मॅन्युअलमध्ये सर्व्हिससाठी किती जागा सोडायची याचं चित्र असतं, ते पीओपीवाल्याच्या पुढे धरा. ही जागा नसेल तर पहिल्याच दुरुस्तीला छत कापावं लागतं, आणि त्या धुळीत तुमचं सगळं फर्निचर जातं.

आता पाणी. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण पुण्यात याचा एक खास घोळ होतो. आपल्याकडे बहुतेक एसी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बसतात. त्या महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. मशीन चालू करून दाखवतात, गार हवा येते, सगळे खूश. दोन महिने काही होत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की हवेतला दमटपणा वाढतो आणि हेच दोन टनी मशीन तासाला दीड-दोन लिटर पाणी काढायला लागतं. नळीचा उतार उलटा असेल तर ते पाणी ट्रेमधून सांडतं आणि हॉलच्या छतावर पिवळा डाग उमटतो. तोवर बसवणाऱ्याचे पैसे चुकते झालेले असतात.

म्हणून उन्हाळ्यात बसवलेल्या मशिनची पाण्याची परीक्षा आपणच घ्यायची. छत उघडं असतानाच ट्रेमध्ये अर्धी बादली पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपजवळ, म्हणजे फरशीतल्या जाळीपाशी जिथे ही नळी सोडलीय तिथे, उभं करा. पाणी मिनिटभरात यायला लागलं पाहिजे आणि ओतणं थांबल्यावर ट्रे जवळजवळ रिकामा झाला पाहिजे. ट्रेत बोटभर पाणी उरलं तर मशीन लेव्हलला नाही, त्याचे लटकवलेले रॉड वरखाली करून ते नळीच्या बाजूला किंचित झुकवावं लागेल. नळीला दर दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार हवा. तुमच्या घरी मशीन पॅसेजच्या वर आणि बाथरूम शेजारीच, असं तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून दिसतं, त्यामुळे उतार मिळायला हरकत नसावी. जिथे मिळत नाही तिथे ड्रेन पंप बसवतात, पण पंप म्हणजे बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू, त्यामुळे उताराने भागत असेल तर मी पंप लावत नाही. पंप लावलाच तर ट्रे भरल्यावर मशीन आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच त्याच्यासोबत हवाच.

ट्रेच्या तोंडाशी यू ट्रॅप, म्हणजे पाणी साचून हवा अडवणारा नळीचा यू आकाराचा वाक, लागतो की नाही, हे मशिनच्या रचनेवर अवलंबून आहे. पंखा कॉइलच्या मागे असून हवा कॉइलमधून ढकलत असेल तर सहसा लागत नाही. पंखा पुढे असून हवा ओढत असेल तर ट्रॅप नसताना तो नळीतूनही हवा ओढतो, आणि उतार बरोबर असूनही पाणी अडून राहतं. मग मशीन बंद केल्याबरोबर एकदम भळकन पाणी येतं. ही खूण कुठे दिसली तर उतार तपासत बसू नका, ट्रॅप आहे का ते बघा. आणि ही नळी इन्सुलेशनशिवाय ठेवू देऊ नका. आत गार पाणी, बाहेर पावसाळ्यातली दमट हवा, म्हणजे नळी बाहेरून घामेजणार आणि पुन्हा तोच पिवळा डाग.

तांब्याच्या पाइपांकडे वळू. छताच्या आत, जिथे नंतर हात पोचणार नाही अशा ठिकाणी, फ्लेअर नटचा, म्हणजे पाइपचं तोंड पसरवून नटने आवळलेला, जोड नको. तिथे ब्रेझिंग केलेला, म्हणजे टॉर्चने तापवून धातू वितळवून सांधलेला, जोड किंवा अखंड पाइप. फ्लेअर फक्त मशिनच्या तोंडाशी आणि बाहेरच्या युनिटपाशी, दोन्ही ट्रॅप डोअरमधून किंवा बाल्कनीतून दिसतील असे. पाइप जोडून झाले की नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायची. नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी आहे म्हणून कोणी ऑक्सिजन लावायला निघाला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. पाइपमधल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला तर स्फोट होतो.

दाब किती, ते मॅन्युअलमध्ये असतं. आर-३२ गॅसच्या (एसीच्या पाइपांत फिरून गारवा देणारा हा गॅस) बहुतेक मशिनांत तो ६०० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास असतो. तो टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि गेज लावून एक दिवस ठेवायचा. इथे एक बारकावा आहे, तो न कळल्यामुळे बरीच भांडणं होतात. पुण्यात उन्हाळ्याच्या तोंडावर दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. दुपारी ३५ अंशांना भरलेला ६०० पीएसआय पहाटे २० अंशांना ५७० च्या आसपास दिसतो, गळती अजिबात नसतानाही. म्हणून पहाटेचा आकडा बघून मिस्त्रीला झोडपू नका, आणि मिस्त्रीनेही खरी गळती ‘गारव्यामुळे आहे साहेब’ म्हणून खपवू नये. ज्या वेळी भरला त्याच वेळी दुसऱ्या दिवशी वाचा, गेजचा फोटो दोन्ही वेळा काढा, आणि तापमान लिहून ठेवा. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून फुगे बघणं हे अजूनही सगळ्यात विश्वासाचं.

प्रेशर टेस्टनंतर व्हॅक्यूम, म्हणजे पाइपमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. जुन्या पद्धतीत थोडा गॅस सोडून त्याने पाइपमधली हवा ढकलून काढायचे. आर-३२ ला ते चालत नाही. हा गॅस मंद का होईना, पेट घेणारा आहे, आणि पाइपमध्ये हवा व ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं आयुष्य जातं ते वेगळंच. पंपाने आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (अगदी बारीक दाब मोजायचं एकक) खाली उतरवून, पंप बंद करून, आकडा टिकतो का बघायचं. त्यासाठी मायक्रॉन गेज लागतं. साध्या मॅनिफोल्ड गेजवर, म्हणजे मिस्त्रीच्या नेहमीच्या दोन घड्याळांच्या दाबमापकावर, सुई शून्याखाली गेली म्हणजे व्हॅक्यूम झाला असं नाही. तुमच्या माणसाकडे मायक्रॉन गेज नसेल तर भाड्याने आणायला सांगा, तो तोंड वाकडं करेल, करू द्या.

‘पेट घेणारा’ वाचून दचकला असाल तर थोडं गणित करू. हवेत आर-३२ पेटण्याइतका होण्यासाठी घनमीटरला साधारण ३०० ग्रॅम लागतो. तुमचा हॉल ३०० चौरस फूट आणि उंची साडेनऊ फूट धरली तर ८० घनमीटर हवा झाली. मशिनमध्ये गॅस सव्वा किलोच्या आसपास असेल. तो सगळाच्या सगळा हॉलमध्ये पसरला तरी घनमीटरला १५-१६ ग्रॅम, म्हणजे पेटण्याच्या मर्यादेच्या विसाव्या भागाइतका. रोजच्या वापरात भीती नाही ती यामुळे. भीती आहे ती कोंडलेल्या जागेत: छताच्या पोकळीत गळती आणि तिथेच कोणी गॅसचा टॉर्च पेटवला, किंवा गॅस भरलेल्या पाइपवरच ब्रेझिंग सुरू केलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो खाली साचतो. सर्व्हिसला आलेल्या माणसाने टॉर्च लावण्याआधी गॅस काढून घेतलाय का, खिडक्या उघड्या आहेत का, एवढं तुम्ही घरमालक म्हणून विचारू शकता. आणि दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झालाय, टॉप-अप करतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गॅस बंद चक्रात फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधून, दुरुस्त करून, पुन्हा व्हॅक्यूम घेऊन, वजनकाट्यावर मोजून भरायचा.

विजेचं काम मी थोडक्यात सांगतो, कारण ते लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं आहे. एसीला मीटरपाशी स्वतंत्र सर्किट, दोन टनाला ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, मशिनच्या प्लेटवर लिहिलेला कमाल अँपिअर बघून एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच). आरसीसीबी मधूनमधून पडतो म्हणून काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. का पडतो ते शोधायला लावा. बाहेरच्या युनिटजवळ एक आयसोलेटर (सप्लाय पूर्ण तोडणारा स्विच) हवा, म्हणजे तिथे काम करणाऱ्याला सप्लाय स्वतःच्या डोळ्यांसमोर तोडता येतो. स्टॅबिलायझर लावणार असाल तर तो छताच्या पोकळीत सरकवू देऊ नका. तो तापतो, आणि तिथे तापलेला कोणाला दिसत नाही. सगळं जोडून झाल्यावर प्रत्येक टर्मिनलची वायर सप्लाय बंद करून हाताने ओढून बघायला सांगा. एसीच्या आगी बऱ्याचदा अशा एका ढिल्या स्क्रूपासून सुरू होतात. फ्लॅटमध्ये गीझर, इंडक्शन आणि दोन-तीन एसी मिळून मंजूर भाराच्या वर जात असाल तर महावितरणकडे भार वाढवून घ्या.

बाहेरचं युनिट. तुमची इमारत नवी आहे, तेव्हा भिंत कशाची आहे ते बिल्डरला विचारा. ब्लॉकची भिंत असेल तर साध्या फास्टनरवर ब्रॅकेट टांगलेलं चालणार नाही. आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी लावावी लागेल. अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कची, म्हणजे आपल्याकडे सगळे मायव्हन म्हणतात तशी, असेल तर भिंतच इमारतीचा भार उचलते. तिथे पाइपसाठी कोअर, म्हणजे आरपार गोल भोक, मारायचा तो बिल्डरने ठेवलेल्या ठिकाणीच, नाहीतर लेखी परवानगी घेऊन. युनिट ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात कोंबू नका. त्याने टाकलेली गरम हवा त्यानेच पुन्हा ओढली की मे महिन्यात ते ट्रिप होणार. तिथवर माणूस सुरक्षितपणे पोचेल का हेही बघा. सातव्या मजल्याच्या छज्जावर दोरी न बांधता उभा राहून काम करणारा पोरगा तुमच्याच घरचं काम करत असतो. युनिटमागे कबुतरं घरटं करतात, तेव्हा जाळी लावा, पण पंख्याच्या तोंडावर नाही.

आता जो मुद्दा तुमच्या प्रश्नात नव्हता, पण नकाशा बघून मला सगळ्यात जास्त खटकला. मशिनचं रिटर्न ग्रिल, म्हणजे खोलीतली हवा परत मशिनात ओढून घेणारी जाळी, पॅसेजमध्ये आहे आणि त्याच पॅसेजमध्ये बाथरूमचं दार उघडतं. जुन्या घरात गॅस गीझर होता आणि तोच नव्या बाथरूममध्ये लावणार, असं तुम्ही ओघात लिहिलंय. हे करू नका. डक्टेबल मशीन मिनिटाला शेकडो घनफूट हवा पॅसेजमधून ओढतं. बेडरूमचं दार बंद असेल तर तिकडे गेलेली हवा परत यायला वाट नसते, मग ती कमतरता मशीन जिथून मिळेल तिथून भरून काढतं, बाथरूमच्या दाराखालच्या फटीतूनही. गॅस नीट जळला नाही तर तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड तिथून निघून डक्टमार्गे झोपण्याच्या खोलीत पोचू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. गीझर विजेचा घ्या. गॅसचाच ठेवायचा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. आणि बेडरूमच्या दाराखाली पाऊण-एक इंच फट किंवा दारात लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची जाळी) ठेवा, म्हणजे हवेला परतीचा रस्ता राहील. रिटर्न डक्ट लावलेला आहे की नुसती छताची पोकळीच रिटर्न म्हणून वापरलीय, हेही बघा. पोकळी वापरली असेल तर पीओपीची सगळी धूळ फिल्टरला वळसा घालून कॉइलवर बसेल, आणि आईंच्या दम्याला ती नको.

इथवरचं सगळं छत बंद होण्याआधीचं: ट्रॅप डोअर, पाण्याची परीक्षा, नायट्रोजन, व्हॅक्यूम, रिटर्नची वाट. यातलं काही राहिलं तर पीओपी आठवडाभर पुढे ढकला.

हीटिंगबद्दल. तुमच्या मशिनची प्लेट बघा. त्यात रिव्हर्स व्हॉल्व्हवालं (गॅसची दिशा उलटवणारं) हीट पंप असेल तर उत्तम, कारण ते बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतं आणि एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतं. नुसती हीटरची कॉइल असेल तर एकास एक, म्हणजे बिलात साध्या रूम हीटरसारखीच, आणि तिथे ब्लोअर बंद पडल्यावर कॉइल तोडणारा थर्मल कटआउट आहे ना हे बसवणाऱ्याकडून चालवून दाखवून घ्यावं लागेल. पुण्याची थंडी हीट पंपाला सोयीची आहे. डिसेंबर-जानेवारीत पाषाण, एनडीएकडे पारा मगरपट्टा-लोहगावपेक्षा चांगलाच खाली जातो, पण तिथेही पहाटे आठ-दहा अंश म्हणजे मशिनला काही जड नाही.

त्रास होतो तो छतामुळे. गरम हवा वरच राहते. मशिनचा सेन्सर रिटर्नपाशी, म्हणजे छताजवळ, त्याला वाटतं खोली तापली, ते बंद होतं, आणि पलंगावर आई गारठलेल्या. उपाय असा की हवेच्या ग्रिलची पाती हीटिंगला सरळ खाली वळवायची, सीलिंग फॅन एकवर ठेवायचा, आणि शक्य असेल तर भिंतीवर पलंगाच्या उंचीला वायर्ड थर्मोस्टॅट घ्यायचा. ती वायर आत्ताच टाकून घ्या, नंतर भिंत फोडायला लागेल. झोत मात्र पलंगावर सरळ येता कामा नये. २१-२२ अंश पुरे. त्याहून वाढवलं की हवा कोरडी पडते आणि दम्याच्या माणसाचा घसा सुकतो. किती ठेवावं हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

हीटिंग सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं हवा येत नाही, कारण कॉइल तापेपर्यंत मशीन पंखा थांबवून ठेवतं. ओलसर थंड पहाटे मध्येच गरम हवा थांबून बाहेरच्या युनिटमधून वाफ निघताना दिसेल; ते कॉइलवरचं बर्फ वितळवत असतं, बिघाड नाही. हिवाळ्यात पाणी बाहेरच्या युनिटमधून गळतं, तेव्हा त्यालाही ड्रेनची नळी जोडा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतील. मोसमातल्या पहिल्या दिवशी धुळीचा जळका वास येतो, तो दहा मिनिटांत जातो. प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा वास आला तर रिमोट शोधत बसायचं नाही, थेट एमसीबी पाडायचा.

एकच मशीन दोन खोल्यांना, हे मला व्यक्तिशः पसंत नाही. रात्री फक्त बेडरूम हवी असते, तरी हॉलही गार होतो. पैसे असतील तर बेडरूमला छोटा स्प्लिट वेगळा घ्या. नसतील तर निदान हॉलच्या डक्टला मोटराइज्ड डॅम्पर (डक्ट उघड-बंद करणारी मोटरवरची झडप) लावा, आणि हॉल बंद केल्यावर मशिनला किमान किती हवा लागते हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्या. सगळी हवा एका खोलीत कोंबली तर कॉइलवर बर्फ धरतो.

उन्हाळ्यात २४ ते २६ अंश आणि पंखा. स्टार रेटिंगच्या रूम एसींना १ जानेवारी २०२० पासून सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारक आहे, ते उगीच नाही. पुण्यात जिथे-तिथे बांधकाम चालू आहे, म्हणून फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, मॅन्युअलने महिना म्हटलं तरी. सर्व्हिस वर्षातून दोनदा, मार्चच्या आत आणि दिवाळीनंतर, आणि मार्चच्या सर्व्हिसला ट्रेमध्ये पुन्हा अर्धी बादली पाणी ओतायला लावा. उद्या शिडी लावाल तेव्हा ट्रॅप डोअरच्या जागेचा, ड्रेनच्या तोंडाचा आणि मशिनच्या प्लेटचा फोटो पाठवा. प्लेटवर गॅसचं वजन आणि कमाल अँपिअर दिसेल असा काढा, म्हणजे वायर आणि एमसीबीचं लगेच सांगता येईल.